थोरलीच्या नावाचा घास

आधी टाक म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

तुमच्या आजोबांचं माझ्याआधी एक लग्न झालेलं होतं. तुमच्या आईने तुम्हांला हे सांगितलंय की नाही, मला ठाऊक नाही. ती पहिली बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं. त्यानंतर साठचं दशक संपत आलं असताना मी या घरात आले. तोवर मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि माझं वय निघून चाललंय म्हणून आमच्या नात्यातल्या बायका माझ्या आईला झोपू देत नव्हत्या. बिजवराचं स्थळ आलं, माणूस शांत होता, निर्व्यसनी होता, मी हो म्हटलं.

लग्नात माझ्या मंगळसूत्राच्या काळ्या पोतीत एक टाक ओवला होता. सोन्याचा पातळ पत्रा, नखाएवढा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. नाकडोळे नाहीत, नुसती बाई आहे एवढं कळावं. ती माझी सवत. गेलेल्या पहिलीने दुसरीला छळू नये म्हणून दुसरीने तिला गळ्यात घालायचं आणि तिचा मान राखायचा, अशी रीत होती. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. गोडधोड आधी टाकाला दाखवायचं, मग आपण तोंडात घालायचं. घरात तिला सगळे थोरली म्हणत, आणि त्या हिशेबाने मी धाकटी झाले.

मला तेव्हा हसू आलं होतं. शिकलेल्या बाईला येतं तसं, थोडं वरून. सोन्याचा एक पत्रा घातल्याने सासूबाईंना बरं वाटत असेल तर घालू, असं मनाशी म्हटलं.

मागच्या आठवड्यात तुमच्यातल्या मोठीने, माझ्या नातीने, मला फोनवर विचारलं, "आजी, ऑफिसमधून खोलीवर आले की भूक नसतानाही मी कपाटापुढे उभी राहते. बिस्किटांचं पाकीट हातात कधी येतं तेही कळत नाही. तुला असं व्हायचं का गं?" मी म्हणाले, पाणी पी, फिरायला जा. ते चुकीचं नव्हतं, पण त्यात माझं काहीच नव्हतं, आणि फोन ठेवल्यावर दिवसभर मला ते टोचत राहिलं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते आहे. धाकट्या नातवानेही वाचावं.

आमचं घर कोल्हापूरच्या पेठेत होतं, एकामागे एक तीन खोल्यांचं. पुढे बैठक, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर. माजघरात उजेड कमी. तिथे भिंतीला लागून एक लोखंडी खाट होती. थोरली शेवटचे दोन महिने त्या खाटेवर होती, आणि तिथूनच तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेली ती परत आली नाही. हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही. पण त्या खाटेवर घरातलं कुणी बसत नसे, त्यावर घड्या केलेली अंथरुणं असत, त्यावरून आणि शेजारणींच्या बोलण्यातून मला कळलं.

घरात आम्ही तिघंच. आजोबा सकाळी लेथच्या कारखान्यात जात ते दिवेलागणीला येत. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे, आमच्यात तशीच पद्धत. त्या उंच, खणखणीत आवाजाच्या, विधवा बाई. बोलणं कोल्हापुरी, म्हणजे शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असं. मनात काही ठेवत नाहीत असं सगळे म्हणत. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

पहिल्याच संक्रांतीला त्यांनी तिळाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. मी तो टाकाला दाखवला आणि खाल्ला. लगेच दुसरा आला.

"पुरे आत्याबाई."

"पुरे काय? ह्यो तुझा न्हाय, तिचा हाय. एक तुजा, एक तिचा. तिला गोड लई आवडायचं. काकवी म्हणशील तर वाटीनं प्यायची."

"पण खाणार मीच ना?"

"मग काय आता तिला बोलवून आणू व्हय? खा की गप."

तिथून सुरू झालं. एक माझा, एक तिचा. पोळीवर काकवी वाढली की पहिली धार माझी, दुसरी तिची. नृसिंहवाडीला कुणी गेलं की कवठाची बर्फी यायची, तिचे दोन तुकडे. आत्याबाईंना मी खाताना पाहायला आवडे. समोर भिंतीला टेकून बसत, हात गुडघ्यावर, आणि माझ्या तोंडाकडे नाही तर गळ्याकडे बघत.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. रक्तदाब फार वाढला होता. दवाखान्यातून घरी आले तेव्हा प्रत्येकाने एकच केलं, मला खायला घातलं. माझ्या आईने डिंकाचे लाडू आणले, शेजारणींनी शिरा आणला, आत्याबाईंनी डबे भरले. दुःखाबद्दल कुणी चकार शब्द बोललं नाही. मीही नाही. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही, हे मला त्या दिवसांत समजलं.

वर्षभराने मी डॉक्टरीणबाईंकडे गेले, मूल हवं म्हणून. त्या सडपातळ, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं, रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला. मग टेबलापलीकडून म्हणाल्या, "तुमच्या घरातली आधीची बाई माझ्याच हातांत गेली, माहीत आहे ना? अंगावर सूज, मग झटके. तुमचा रक्तदाब तिच्या वाटेने चाललाय आणि हे वजन त्याला हात देतंय. वजन उतरवा. मग मुलाचं बोलू. त्याआधी दिवस राहिले तर मी जबाबदार नाही."

म्हणजे गोष्ट अगदी सरळ होती. खाणं आवरलं तर मूल. नाही आवरलं तर ती खाट.

मी शिस्तीची बाई. ठरवलं की करायचं, अशी माझी समजूत. मी जेवणाच्या वेळा बांधल्या. ताट बदलून लहान घेतलं. घास सावकाश चावायला लागले. गोडाचे डबे फडताळाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवले, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही असे. चार वाजता लिंबूपाणी. भूक लागली तर चिरमुरे, मूठभर, नुसते. यातलं काहीही वाईट नाही. आजही सांगेन की करा.

पण दुपारचं काय करायचं ते मला कळेना. माझी शाळा सकाळची. मी घरी यायची तेव्हा जेवणं उरकून आत्याबाई देवळात पुराण ऐकायला जायच्या. घर रिकामं. माजघरातून स्वयंपाकघरात जायचं तर त्या खाटेशेजारूनच जावं लागे. मी वह्या तपासायला बसे, आणि चारच्या सुमाराला मान वर करून पाहिलं तर मी स्टुलावर उभी असे. स्टूल कधी ओढलं, डबा कधी उघडला, काही आठवत नसे. लाडू हातात असे, आणि अर्धा गेलेला असे.

आणि गिळताना टाक हलायचा. गळ्याच्या खळीत बसायचा तो, घास उतरला की वर यायचा आणि खाली जायचा. जणू गिळणारी ती. मला आधी नुसतं जाणवायचं, मग मी त्याची वाट पाहायला लागले. इंग्रजी कविता शिकवणारी बाई मी, रिकाम्या घरात फडताळापुढे उभी राहून पुटपुटायची, "खा बाई, तूच खा." आणि दुसरा लाडू घ्यायची. तो तिचा. तिला नाही कसं म्हणायचं? ती उपाशी गेलेली असेल तर?

आत्याबाईंना मी वजनाचं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तुजं कमी कर की. तिचं कशाला बंद?" आणि खरोखरच, मी माझा वाटा सोडला आणि तिचा मात्र खात राहिले. वजन तसूभर हललं नाही.

एका दुपारी मी थकून त्या खाटेवर अंथरुणांना टेकून बसले. पहिल्यांदाच. कसं बसले कोण जाणे. हातात वाटी होती, गूळ-शेंगदाण्याची. आत्याबाई देवळातून लवकर परत आल्या, उंबऱ्यातच थांबल्या आणि त्यांच्या हातातली प्रसादाची पुडी खाली पडली.

"आगं आई गं..."

"काय झालं आत्याबाई?"

त्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या. "मला वाटलं थोरलीच बसलीया." मग जवळ येऊन त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "तिचं तोंड आसंच भरलं हुतं. शेवटाला. डोळं आसंच बारीक."

मी बैठकीतल्या आरशापुढे जाऊन उभी राहिले. थोरलीचा फोटो घरात नव्हता, त्यामुळे ती कशी दिसायची ते मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं, असं वाटलं. माझ्या गालांच्या आड ती आली होती. त्या दिवसापासून घास उतरेना, आणि तरीही हात थांबेना. भीतीने पोट भरत नाही, उलट रिकामं होतं आणि पुन्हा भरावंसं वाटतं. तुम्हांला हे कदाचित पुस्तकात वाचायला मिळेल. मला ते स्टुलावर उभं राहून कळलं.

भाद्रपदात पितृपंधरवड्यात अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी, सवाष्ण म्हणून गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची, तिने पोटभर जेवावं म्हणजे गेलेली जेवली. आमच्याकडे दरवर्षी शेजारच्या काकू बसत. त्या वर्षी त्यांच्या घरी सोयर आलं. आत्याबाईंना एकदम आठवलं, थोरलीची धाकटी बहीण नुकतीच लग्न होऊन उचगावात नांदायला आली आहे. माहेर त्यांचं कोडोलीचं, शेतकरी घर. आजोबा सायकल घेऊन गेले आणि निरोप देऊन आले.

ती आली नवऱ्याच्या मागे सायकलवर बसून. सावळी, काटक, हसरी, बांगड्यांचा आवाज तिच्या आधी घरात आला. मला पाहिलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं, आणि वाकून नमस्कार केला. मला की टाकाला, ते कळलं नाही. मला म्हणाली, "ताई, मी तुमची बी बहीणच की आता."

माजघरात पाटावर बसवून आत्याबाईंनी वाढलं. पुरणपोळी, खीर, वडे, कढी. खिरीची वाटी काठोकाठ. ती कढी प्यायली, वडे खाल्ले, भाताला हात लावला. खीर आणि पोळी तशीच.

"मावशी, वाईच खर्डा हाय का?"

"खर्डा? आज?" आत्याबाई म्हणाल्या. "आगं खीर संपव की आदी. तुज्या आक्काच्या नावाची हाय. किती आवडायची तिला."

"कुणाला, आक्काला?" ती मोठ्याने हसली. "खीर?"

"खीर, काकवी, लाडू. वाटीनं प्यायची काकवी."

"न्हाय ओ मावशी. दुसरं कोण आसंल." ती बोटं चाटत होती, अगदी सहज बोलत होती. "आक्का गोडाला शिवायची न्हाय. आमच्यात सणाला पोळ्या केल्या की ही भाकरी मागणार, वर मिरचीचा खर्डा, वर परत मीठ. खडंमीठ तोंडात टाकून हिंडायची. आमची आई म्हणायची, हिला मिठाच्या पोत्यावरच नेऊन बसवा. गुऱ्हाळावर गेलो की आमी काकवी चाटायचो, ती लांब उभी राहून म्हणायची, श्या, कसं खाताय रं हे."

"हितं खायची की!" आत्याबाईंचा आवाज चढला. "म्या ह्या डोळ्यांनी बगितलंय. दोन महिनं, रोज."

"हितं खाल्लं आसंल. तुमी हातात दिल्यावर ती न्हाय कशी म्हणंल?"

  आत्याबाई हातात भांडं घेऊन तशाच उभ्या होत्या. मग त्या म्हणाल्या, आणि आवाज शेजारच्या गल्लीतच काय, बैठकीत बसलेल्या आजोबांनाही ऐकू गेला नसता इतका खाली होता, "डॉक्टरनं मीठ बंद केल्यालं. अंगावर सूज हुती. आळणी द्या म्हणालं. ती आळणी खाईना. म्हणून मी गोड द्यायची. मीठ न्हाय तर न्हाय, गोड तरी खा म्हणायची."

"मीठ मागायची का वं ती?" बहिणीने विचारलं.

 आत्याबाई स्वयंपाकघरात गेल्या. पाट्यावर मिरच्या रगडल्याचा आवाज आला, बराच वेळ. बाहेर आल्या तेव्हा हातावर हिरवागार खर्डा होता, जाडं मीठ दिसत होतं. त्यांनी तो त्या बहिणीच्या ताटात वाढला आणि खिरीची वाटी उचलून घेतली.

ती मुलगी भाकरी मागून घेऊन पोटभर जेवली. अविधवा नवमीला भाकरी-खर्डा जेवलेली दुसरी सवाष्ण कोल्हापुरात नसेल.

तुम्हांला वाटेल की त्या दिवसापासून मी सुटले. तसं झालं नाही. आठवडाभर मी गोडाच्या डब्याला हात लावला नाही. एका बाईच्या आजारपणातलं खाणं तिची आवड म्हणून आम्ही जपत होतो, आणि ते मी तिच्या नावाने खात होते. ती जिवंत होती तेव्हाही तिला नको असलेलं खावं लागलं, मेल्यावरही तेच. हा विचार सहन होत नव्हता.

आणि मग एका दुपारी पुन्हा मी स्टुलावर होते. लाडू हातात. या वेळी मला ती माझ्याबरोबर असावी असं वाटलं, खरंच वाटलं. पण ती नव्हती. तिला लाडू आवडतच नव्हता. फडताळापुढे मी एकटी होते, आणि हात माझा होता, आणि भूक माझी होती. घरात भूत आहे असं वाटणं भयंकर असतं. पण ते नाही असं कळलं आणि डबा तरी उघडलेलाच राहिला, त्याहून भयंकर काही मी अनुभवलं नाही.

स्टुलावर बसून मी पहिल्यांदा स्वतःला विचारलं की आत्ता, या क्षणी, पोटात काय आहे. भूक नव्हती, जेवून दोन तासही झाले नव्हते. छातीपासून खाली एक थंड पोकळी होती. मी त्या पोकळीत पाहिलं. तिथे खाट होती, टांगा होता, पाचव्या महिन्यात गेलेलं माझं बाळ होतं, ज्याच्यासाठी मी एकदाही रडले नव्हते. लाडू त्या सगळ्यावर झाकण म्हणून जात होता.

आत्याबाई परतल्या तेव्हा मी स्टुलावरच होते. डबा मांडीवर.

"ह्ये काय? खाल्लंस का न्हाईस?"

"नाही अजून. आत्याबाई, मला भीती वाटते."

"कशाची?"

"मी मरेन म्हणून. तिच्यासारखी. त्या खाटेवर."

 मला वाटलं जवळ घेतील. तशा त्या नव्हत्या. "मग ह्ये आदी सांगायचं की!" त्या खेकसल्या. "भ्या वाटतंय तर लाडू कशाला खातीस? लाडू काय राखणीला बसतोय व्हय तुज्या?"

मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि ते बाळासाठीचं रडणं होतं. खूप वेळ थांबेना. त्या शेजारी बसल्या, हात लावला नाही, पण उठूनही गेल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "मला बी वाटतंय भ्या. रोज वाटतंय. म्हणून तर खायला घालते तुला."

तर माझा उपाय हा होता, तुमच्यापैकी कुणाला उपयोगी पडला तर बघा. आत्याबाईंनी दुपारचं पुराण सोडलं. मी डब्याकडे वळले की त्या विचारायच्या, "भूक का भ्या?" भूक असेल तर भाकरी मिळे, भाजीबरोबर, नीट पाटावर बसून. भीती असेल तर आम्ही चपला घालून रंकाळ्यावर जायचो. वाटेत मी बोलायची किंवा त्या बोलायच्या, नाहीतर कुणीच बोलायचं नाही. कधी चिडायचे मी, म्हणायचे, "दोन्ही नाही, नुसता लाडू हवाय." तेव्हा त्या म्हणत, "मग खा एक. पर बसून खा. चोरावानी हुबी ऱ्हाऊन खाऊ नगंस." बसून खाल्लेला एक लाडू एकच राहतो, हे मला त्या वयात कळलं. काही दिवस मी हरले, काही दिवस त्या. वजन उतरायला वर्ष लागलं, आणि उतरलं तेही डॉक्टरीणबाईंना हवं होतं तेवढं नाही. त्यांनी काट्याकडे पाहून ओठ मुडपले. मग रक्तदाब पाहिला आणि म्हणाल्या, "बरं. बघू."

मला पुन्हा दिवस राहिले. पाचवा महिना सरेपर्यंत घरात कुणी मोठ्याने श्वास घेत नव्हतं. मी नेमाने फिरत होते, नेमाने जेवत होते. आठव्यात पायांवर सूज आली. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याने घोटा दाबला, खड्डा पडला, आणि तो भरून यायला वेळ लागला. "मीठ बंद," त्या म्हणाल्या. आजचे डॉक्टर असं सरसकट सांगत नाहीत म्हणे, तेव्हा सांगत.

 टांग्यातून घरी आल्यावर आत्याबाईंनी पहिलं काम केलं ते खाट काढायला लावली. आजोबांनी तिचे पाय सोडवले आणि परसात नेऊन ठेवली. मग त्या स्वयंपाकाला लागल्या.

आळणी आमटी, आळणी भाजी, आळणी भाकरी. मी पहिला घास तोंडात घातला आणि कळलं की ती का खात नव्हती. माती तरी बरी लागेल. डोळ्यांत पाणी आलं. मी मान वर केली, तर आत्याबाई समोर ताट घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या ताटात तेच होतं.

"तुम्ही कशाला आळणी खाता?"

"गप जेव."

"आत्याबाई, तुम्हांला काही झालेलं नाही."

"तिला हितं वाढायची," त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "आन् मी आत बसून आमच्यातलं जेवायची. लोणचं घिऊन. वास तिला यायचा आसंल की." त्यांनी घास उचलला. "जेव. गार झाल्यावर आजून बेकार लागतंय."

शेवटपर्यंत त्या माझ्याबरोबर आळणी जेवल्या. दुपारी भीती यायची, रोज यायची, आता खाट नसलेल्या रिकाम्या जागेतून यायची. गोड मागावंसं वाटायचं. मी म्हणायचे, "भ्या." त्या म्हणायच्या, "मला बी." आणि रोज संध्याकाळी त्या माझा पाय मांडीवर घेऊन घोट्यावर अंगठा दाबायच्या आणि खड्डा भरून येईपर्यंत श्वास रोखून बघत बसायच्या.

तुमची आई जन्मली ती भर दुपारी, दवाखान्यात, मोठ्याने ओरडत. मला झटके आले नाहीत. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसलेल्या दिसल्या.

काही दिवसांनी सूज पूर्ण ओसरली आणि त्यांनी मीठ मोकळं केलं. आत्याबाईंनी नेहमीसारखी आमटी केली, आम्ही तिघं जेवायला बसलो. मी घास घेतला आणि थांबले. त्याही थांबल्या होत्या.

"खारट झालीया का गं?"

"जरा."

आजोबांनी भुरका मारला. "बरोबर आहे की. नेहमीसारखीच."

आत्याबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी थोरलीचं नाव घेतलं. माहेरी तिला जे म्हणत असतील ते, लाडाचं, अर्धं नाव. मी या घरात आल्यापासून ते कधी ऐकलं नव्हतं. "पोरी," त्या म्हणाल्या, "तुज्या संगं बसून जेवले आसते तर काय झालं आसतं गं मला." आणि पदर तोंडात धरून त्या रडायला लागल्या, त्यांच्या त्या खणखणीत आवाजात, पेठभर ऐकू जाईल असं.

माजघरात तुमची आई जागी झाली आणि तीही रडायला लागली. मी उठले नाही. मी माझं ताट उचलून आत्याबाईंच्या ताटाला लागून ठेवलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आजोबांनी हात धुतला आणि बाळाला उचलून घेतलं.